पाचपैकी दोन

मी तिला पाचपैकी दोन मार्क दिले. खाली कारण लिहायला एक ओळ रिकामी होती, तिथे लिहिलं, 'कम्युनिकेशन सुधारायला हवं.' सबमिटचं बटण दाबलं, उठले आणि चहा टाकला. हे आधीच सांगून मोकळी होते, म्हणजे पुढे वाचताना कुणाला माझी कीव यायला नको. मला स्वतःचा अजून संताप येतो आणि तो कमी व्हावा असं मला वाटत नाही.

तिचं नाव लिहीत नाही. ती झांबियाची, तांब्याच्या खाणींच्या भागातल्या एका शहरातली. तिथल्या एका मोबाइल कंपनीत आठ वर्षं टॉवर उभे करायचं आणि चालू ठेवायचं काम करून ती सिडनीला आयटीत मास्टर्स करायला आली होती. सात वर्षांची मुलगी तिकडे आजीपाशी होती. मी पुण्याची, हिंजवडीत चार वर्षं दुसऱ्यांच्या प्रोग्रॅममधल्या चुका काढून तिच्याच वर्गात येऊन बसलेली. हॅरिस पार्क या उपनगरात मी एका पुण्याच्याच मुलीबरोबर फ्लॅटमध्ये राहायचे, तिला इथे रूममेट म्हणते. वर्गात एक ठाण्याचा मुलगा होता, तो ठाणेकर. आम्ही तिघं लेक्चरला एकत्र, लॅबला एकत्र, वेंटवर्थव्हिलला किराणा आणायलासुद्धा एकत्र. एवढ्या लांब आलो ते जग बघायला, आणि आठवडाभर एकमेकांची तोंडं बघत होतो.

शेवटच्या सेमिस्टरला चौघांचा ग्रुप करून एका खऱ्या संस्थेसाठी अ‍ॅप बनवायचं होतं. आम्ही तिघं होतोच. चौथं माणूस हवं होतं आणि ती पुढच्या बाकावर एकटी बसली होती. ठाणेकर म्हणाला, "घेऊ या तिला. मिक्स ग्रुप दिसला की ट्यूटर खूश." तिच्या आठ वर्षांच्या अनुभवाची चौकशी कुणी केली नाही. मीही नाही.

आम्हाला मिळालेली संस्था म्हणजे चर्चच्या हॉलमध्ये गरजूंना फुकट किराणा वाटणाऱ्या काही वयस्क बायका. सगळा हिशोब रजिस्टरमध्ये. कुठल्या फळीवर काय आहे, काय संपलंय, हे त्यांना टॅबवर दिसायला हवं होतं. आम्ही तिघांनी दोन दिवसांत आराखडा काढला, छान रंगीत. तिने तो पाहिला आणि विचारलं, "नेट गेलं तर?"

"धिस इज ऑस्ट्रेलिया, मेट," ठाणेकर हसून म्हणाला.

"तिथलं जातं. मंगळवारी सकाळी दोनदा गेलं."

ती मंगळवारी तिथे जाऊन आली होती. सबंध सकाळ त्या बायकांबरोबर डब्यांची खोकी उचलली होती आणि त्या कुठे अडतात ते बघितलं होतं. आम्ही तिघांनी तो हॉल गुगलच्या नकाशावर पाहिला होता. पुढचे पाच आठवडे तिने एकटीने तो भाग लिहिला, नेट गेलं तरी नोंदी टॅबमध्ये राहतील आणि नेट आलं की आपोआप जुळतील असा. कुठली नोंद आधीची, कुठली नंतरची, दोघींनी एकच डबा दोनदा लिहिला तर काय करायचं, हे सगळं तिने मला कागदावर काढून समजावलं. मी चार वर्षं पगार घेतलेली इंजिनिअर, मला ते तिसऱ्यांदा सांगितल्यावर कळलं.

डेमोच्या दिवशी हॉलमधलं नेट गेलंच. एक पांढऱ्या केसांची आजी शांतपणे टॅबवर बोट टेकवत राहिली, कारण तिला काही फरकच पडला नव्हता. बघायला आलेल्या आमच्या कोऑर्डिनेटरने चक्क टाळ्या वाजवल्या. तो भाग सगळ्यांसमोर मांडला ठाणेकरने. त्याचं इंग्रजी फर्डं आहे म्हणून, असं आमचं ठरलं होतं. आमचं म्हणजे तिघांचं.

कारण मीटिंगा मराठीत चालायच्या. सुरुवात इंग्रजीत व्हायची, दोन मिनिटांत कुणीतरी "अगं पण" म्हणायचं आणि गाडी मराठीवर. ती आमच्या तोंडांकडे आळीपाळीने बघत बसायची. "इंग्लिश, प्लीज," असं सुरुवातीला म्हणायची, मग म्हणेनाशी झाली. मग मला विचारायची, "काय ठरलं?" आणि मी वीस मिनिटांचं बोलणं एका वाक्यात सांगून मोकळी व्हायचे. ग्रुपचा व्हॉट्सअ‍ॅपही दोन ठिकाणी होता. एक चौघांचा, त्यात तारखा आणि थम्सअप. दुसरा तिघांचा, त्यात सगळं.

आणि तरीही मी तिला मैत्रीण म्हणायचे. दुपारी आम्ही लॉनवर डबा खायचो. तिच्या डब्यात मक्याच्या पिठाचं घट्ट शिजवलेलं काहीतरी आणि पालेभाजी असायची, हाताने मोडून खायची. मी पोळीभाजी. हाताने खाणाऱ्या दोघीच, म्हणून एका झाडाखाली बसायला लागलो. ती मुलीबद्दल बोलायची. पदवीचं पत्र हातात पडलं की इथे काम करायचा व्हिसा, त्याच अर्जात मुलीचं नाव, आणि इस्टरच्या सुमाराला मुलगी इथे. पॅरामॅटाजवळच्या तीन शाळा तिने बाहेरून बघून ठेवल्या होत्या. एक मला दाखवायला नेली. कुंपणापाशी उभं राहून, आत खेळणाऱ्या पोरांकडे बघत ती म्हणाली, "हिच्यात झाडं जास्त आहेत. तिला झाडावर चढायला लागतं." दोन वर्षं तिने लेकीला फक्त मोबाइलवर पाहिलं होतं.

एका गुरुवारी ती मला स्टुडंट युनियनच्या खोलीत घेऊन गेली. टेक्नॉलॉजी शिकायला आलेली आफ्रिकेतली मुलंमुली तिथे महिन्यातून एकदा जमायची आणि नव्यांना जुन्यांनी आपले अनुभव सांगायचे. कुणी भाषण ठोकत नव्हतं, गोल बसून बोलत होते. केनियाची एक मुलगी सांगत होती, लॅबमध्ये रात्रीचं कार्ड दाखवूनही गार्ड तिला रोज थांबवतो आणि मागून येणाऱ्याला दार धरून उभा राहतो. नायजेरियाच्या एकाला प्रोफेसरने विचारलं होतं, तुमच्याकडे कॉम्प्युटर असतात का. तो तिकडे बँकेचे सर्व्हर सांभाळायचा. "मी म्हणालो, हो सर, एक आहे, आम्ही सगळे मिळून वापरतो. त्यांनी सहानुभूतीने मान हलवली," असं त्याने सांगितलं आणि खोली हसून हसून लोटपोट झाली.

मी सगळ्यात जोरात मान डोलावत होते. गोऱ्यांचं हे असंच, मलाही नावावरून किती ऐकावं लागतं, वगैरे मीही माझी भर घातली. तेव्हा घानाचा एक मुलगा माझ्याकडे न बघता म्हणाला, "गोरे निदान नंतर सॉरी म्हणतात. मला ग्रुपमध्ये सगळ्यात जास्त त्रास इंडियन्सचा झाला. समोर बसवतात आणि आपल्या भाषेत बोलतात. मी टेबल असल्यासारखा."

मी माझ्या चपलांकडे बघायला लागले. आणि तिने, माझ्या खांद्यावर हात ठेवून, सगळ्यांना सांगितलं, "माझा ग्रुप तसा नाही. ही माझ्या ग्रुपमध्ये आहे."

तो हात झटकून टाकून तिथेच खरं बोलायला हवं होतं. मी हसले. लाजल्यासारखं, मोठेपणा मिळाल्यासारखं हसले.

यानंतर तीन आठवड्यांनी तो फॉर्म आला. प्रोजेक्टच्या शेवटी प्रत्येकाने बाकीच्यांना पाचपैकी मार्क द्यायचे आणि एक ओळ कारण. कुणी काय दिलं ते बाकीच्यांना दिसत नाही. ग्रुपला मिळालेले मार्क मग त्या प्रमाणात प्रत्येकाला कमीजास्त करून वाटले जातात. कामचुकारांना पकडायची युक्ती म्हणून ती बरी आहे. फक्त ती बनवणाऱ्याला आमची कॉलेजं माहीत नव्हती.

पुण्याच्या माझ्या कॉलेजात सबमिशन नावाचा एक उत्सव असायचा. एकाने जर्नल लिहायची, साठ जणांनी उतरवायची, मास्तरांनी सही करायची. त्यात कुणाला पाप वाटत नसे, उलट जो जर्नल द्यायचा नाही तो वाईट. सगळ्यांनी मिळून अ‍ॅडजस्ट करायचं, आपल्या माणसाचं नुकसान होऊ द्यायचं नाही, ही आमची नीतिमत्ता. ती बॅगेत घालूनच आम्ही इथे आलो. विमानतळावर लोणचं पकडतात, हे नाही पकडत.

रविवारी दुपारी आम्ही तिघं आमच्या फ्लॅटमधल्या सोफ्यावर लॅपटॉप घेऊन बसलो. कोपऱ्यावरून आणलेला ढोकळा मधे. मी म्हणाले, "सगळ्यांना पाच-पाच देऊन टाकू."

"असं नाही करायचं," ठाणेकर म्हणाला. "गेल्या सेमिस्टरला एका ग्रुपने केलं, ट्यूटरला संशय आला, एकेकाला बोलावून अर्धा तास उलटतपासणी. कुणाला तरी कमी दाखवावं लागतं. नॅचरल दिसलं पाहिजे."

कमी कुणाला, हे त्याने सांगितलं नाही. आम्ही विचारलंही नाही. ढोकळ्याचा तुकडा तोडत रूममेट म्हणाली, "तिला काय फरक पडणार? तिचं टेक्निकल एवढं स्ट्राँग आहे."

हे वाक्य नीट वाचा. तिचं काम चांगलं, म्हणून तिला कमी मार्क. आम्ही तिघंही इंजिनिअर होतो आणि तिघांनाही त्यात खोट दिसली नाही.

"कारण काय लिहू?" मी विचारलं. हो, मीच विचारलं.

"कम्युनिकेशन लिही," ठाणेकर म्हणाला, "ते कुणालाही चालतं."

ज्या बाईशी आम्ही सबंध सेमिस्टर तिला कळणार नाही अशा भाषेत बोललो, तिचं कम्युनिकेशन कच्चं, असं आम्ही तिघांनी आपापल्या लॅपटॉपवर लिहिलं. केसाने गळा कापणं म्हणतात ते हेच. कुणी खलनायकासारखं हसलं नाही. ठाणेकरने शेवटचा ढोकळा मला दिला.

निकाल लागला तेव्हा आम्हा तिघांना डिस्टिंक्शन होतं. ती लायब्ररीत माझ्यासमोर येऊन बसली आणि मोबाइल माझ्याकडे सरकवला. नापास. तिघांच्या दोन-दोन मार्कांनी तिचा भाग इतका खाली आणला होता की तिच्या परीक्षेच्या चांगल्या मार्कांनीही तो सावरला नव्हता. हे आम्ही करून बघितलंच नव्हतं. गणित साधं होतं, आकडेही फॉर्मवर होते. आम्ही ते फक्त आमच्यापुरतं करून बघितलं होतं.

"कुणीतरी चूक केली आहे," ती म्हणाली. "सिस्टिमची चूक असणार. कोऑर्डिनेटरची वेळ घेतली आहे. सोबत एक माणूस नेता येतो. तू येशील? माझं काम तुला माहीत आहे."

तिला संशयसुद्धा आला नव्हता. मी हो म्हणाले, कारण नाही म्हणायला कारण सांगावं लागलं असतं.

रूममेटला हे सांगितलं आणि संध्याकाळी ठाणेकरचा फोन. "वेडी आहेस का तू? तोंड उघडलंस तर तिघंही लटकू. मिसकंडक्ट लागलं की पीआरची, इथे कायमचं राहण्याची, वाट. ती एक सेमिस्टर रिपीट करेल, त्यात काय एवढं?" रूममेट समोर उभी राहून मान हलवत होती. हेच दोघं सहा महिन्यांपूर्वी एका कंपनीने आडनाव बघून इंटरव्ह्यू दिला नाही म्हणून आठवडाभर तळमळले होते. फेसबुकवर लांबलचक पोस्ट, न्याय, समता, सगळं. दुसऱ्याने मारलं की अन्याय आणि आपण मारलं की अ‍ॅडजस्टमेंट. मी त्यांना हे सुनावलं असं लिहायला आवडलं असतं. मी म्हणाले, "बघते."

नोव्हेंबरचा शेवट होता, दुपारचे अडीच. कोऑर्डिनेटरच्या खोलीबाहेर युनिव्हर्सिटीचं एक मोठं पोस्टर होतं आणि त्यावर तिचाच फोटो. लॅपटॉप मांडीवर, तोंडभर हसू. फोटोग्राफर वर्गात आला होता तेव्हा त्याने चाळीस इंडियन ओलांडून नेमकं तिलाच उठवलं होतं. भिंतीवर मिरवायला ती यांना चालत होती. ती नापास कशी झाली हे विचारायला कुणाला सवड नव्हती.

कोऑर्डिनेटर भला माणूस, सायकलवरून येणारा. "नो ड्रामाज, बसा," म्हणाला. स्क्रीन वळवून त्याने तिला समजावलं की कामाबद्दल तक्रार नाही, काम उत्तम आहे. पण टीममधल्या तिघांनीही एकच मुद्दा मांडला आहे.

"तिघांनी?" तिने विचारलं.

तिने माझ्याकडे पाहिलं नाही. स्क्रीनकडेच बघत राहिली.

"तीन माणसं स्वतंत्रपणे एकच गोष्ट सांगतात," तो समजूतदार आवाजात म्हणाला, "तेव्हा आपणही ती शिकण्याची संधी समजायला हवी."

माझं डोकं फिरलं ते या वाक्याने. चांगुलपणाने मी बोलले नाही, हे स्पष्ट करते. रागाने बोलले. त्याच्या त्या गोड आवाजाचा राग, शिकण्याच्या संधीचा राग, आणि माझी घाण माझ्यासमोरच धुतलेल्या ताटात वाढून तिच्यापुढे ठेवली जात होती त्याचा राग.

"स्वतंत्रपणे नाही," मी म्हणाले. "आम्ही एका सोफ्यावर बसून लिहिलं. ठरवून. सगळ्यांना पाच दिले तर तुम्हाला संशय येईल म्हणून एकीला कमी दाखवायचं ठरलं. नेट गेल्यावर चालणारा तो भाग सगळा हिचा आहे."

त्याने हळूच स्क्रीन परत आपल्याकडे वळवली. आवाज बदलला. चौकशी होईल, म्हणाला, आणि तोपर्यंत चौघांचेही निकाल आणि पदवीची पत्रं रोखली जातील. निर्णय नव्या वर्षात, मार्चच्या आधी नाही.

"चौघांचे का? हिने काय केलंय?"

"ते चौकशीत कळेलच," तो म्हणाला. मला त्याचं टेबल उलटवावंसं वाटलं.

चौकशीचं इथेच सांगून टाकते. एप्रिल उजाडला. आम्हा तिघांना त्या भागात शून्य आणि लेखी ताकीद. ती पास, उत्तम मार्कांनी. ठाणेकर आणि रूममेट माझ्याशी बोलत नाहीत. ओळखीच्या एक काकू मला इंडियन दुकानात गाठून म्हणाल्या, "अगं, परक्या बाईसाठी आपल्याच पोरांना गोवलंस?" मी त्यांना काय उत्तर दिलं ते छापण्यासारखं नाही. व्हिसा त्या दोघांनाही मिळाला आणि मलाही. आम्ही तिघंही आज नोकरीत आहोत, म्हणजे ज्याची भीती होती त्यातलं काहीच झालं नाही. ज्याची कुणी भीतीच धरली नव्हती ते तेवढं झालं.

तर त्या दुपारी आम्ही दोघी खाली आलो. इमारतीसमोरच्या बाकावर ती बसली, मी उभी राहिले. ऊन मी म्हणत होतं. मी खरं बोलले होते, स्वतःचं नुकसान करून घेऊन बोलले होते. मी तिच्या तोंडाकडे बघत राहिले.

"मी थँक्यू म्हणेन म्हणून उभी आहेस का?" तिने विचारलं.

होते. अगदी त्याचसाठी उभी होते. आणि ते तिने ओळखलं म्हणून मला तिचाच राग आला, इतका की निघून जावंसं वाटलं. माझ्या नीचपणाचा तळ त्या फॉर्मवर नव्हता, तो इथे होता, त्या बाकाशेजारी.

"फॉर्म भरून किती दिवस झाले?" ती म्हणाली.

"एकोणीस."

"त्यातले चौदा दिवस आपण एकत्र जेवलो."

तिने दिवस मोजले होते आणि ते बरोबर होते.

तेवढ्यात तिचा मोबाइल वाजला. तिकडे सकाळचे सहा वाजले होते. मुलगी शाळेत जायच्या आधी रोज याच वेळी व्हिडिओ कॉल करायची. तिने स्क्रीनकडे पाहिलं, कॉल घेतला आणि मोबाइल माझ्या हातात दिला. "इस्टरला येता येणार नाही, हे तू सांग तिला," ती म्हणाली. "मी नाही सांगणार."

गणवेशातली, दात पडलेली, टाय वाकडा झालेली एक मुलगी माझ्याकडे बघत होती. तिच्या मागे कुणीतरी भांडी हलवत होतं. "व्हेअर इज मम्मी?" तिने विचारलं.

"इथेच आहे, माझ्याजवळ," मी इंग्रजीत म्हणाले. "तुला इस्टरला इकडे येता येणार नाही. अजून थांबावं लागेल."

ती रडली नाही. तिने थोडा विचार केला. "मम्मी नापास झाली?"

"नाही. तुझी आई पास आहे. सगळ्यात चांगलं काम तिचंच होतं. मी तिच्याबद्दल खोटं लिहिलं, म्हणून उशीर होणार आहे."

"का लिहिलंस?"

प्रोफेसरला देण्यासारखी उत्तरं माझ्याकडे खूप होती. सात वर्षांच्या पोरीला कळेल असं एकच निघालं. "माझ्या मित्रांनी सांगितलं म्हणून."

तिने कपाळाला आठी घातली, शाळेत न समजलेलं विचारावं तशी मोबाइलच्या अगदी जवळ आली आणि म्हणाली, "मग मम्मी तुझी कोण आहे?"

बाकावरून हात पुढे आला आणि तिने माझ्या हातातून मोबाइल काढून घेतला.